घटक ४ : विद्यापीठ ग्रंथालय – वार्ता, सेवा आणि उपक्रम

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• ग्रंथालयाच्या सूचनांतून आपल्या उपयोगाची माहिती वेगळी काढता येईल.
• विद्यापीठ ग्रंथालयातील प्रमुख सेवा सांगता येतील व त्या योग्य रीतीने मागता येतील.
• ग्रंथालयातील उपक्रमांचा आपल्या अभ्यासाशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तालुक्याच्या गावी नोकरी करणारा एक विद्यार्थी प्रकल्पासाठी शनिवारची रजा काढतो, पहाटेची एसटी पकडतो आणि तीन तासांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयापाशी पोहोचतो. दारावर सूचना असते : ‘वार्षिक ग्रंथपडताळणीमुळे देवघेव विभाग बंद राहील.’ सूचना आठ दिवसांपूर्वीची आहे. ती आवारात रोज येणाऱ्यांनी वाचली. ज्याला तिची सर्वाधिक गरज होती, त्याच्यापर्यंत मात्र ती पोहोचली नाही.

दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याजवळ जिज्ञासा असते, चिकाटी असते. नसतो तो वेळ. म्हणून ग्रंथालयाची वार्ता, सेवा आणि उपक्रम यांची आगाऊ माहिती असणे हा तुमच्या अभ्यासाचाच भाग आहे. या घटकात आपण तिचा विचार करणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ ग्रंथालय कोणासाठी?

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन (१८९२–१९७२) हे मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांचा आशय असा : ग्रंथ जपून ठेवण्यापुरते नसून वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याच्या गरजेचा ग्रंथ मिळाला पाहिजे, प्रत्येक ग्रंथाला वाचक लाभला पाहिजे, वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, आणि ग्रंथालय ही सतत वाढणारी संस्था आहे.

यांपैकी चौथे सूत्र तुमच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य ठरते. तेव्हा काउंटरवर प्रश्न विचारताना संकोच बाळगू नका. वय अधिक आहे, शिक्षणात खंड पडला आहे किंवा आपण ‘बाहेरचे’ विद्यार्थी आहोत, या कारणांनी मागे राहण्याचे प्रयोजन नाही.

४.३.२ वार्ता : सूचना कशी वाचावी?

ग्रंथालयाच्या सूचना सामान्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार वेळेसंबंधीचा : सुट्ट्या, परीक्षाकाळातील वाढीव वेळ, ग्रंथपडताळणी. दुसरा प्रकार संग्रहासंबंधीचा : नव्याने दाखल झालेले ग्रंथ, सुरू किंवा बंद झालेली नियतकालिके. तिसरा प्रकार नियमांसंबंधीचा : सभासदत्व, अनामत रक्कम, विलंबशुल्क, ग्रंथ परत करण्याची मुदत.

सूचना वाचताना तीन गोष्टींची नोंद करावी : ती कोणत्या विभागाची आहे, कोणत्या तारखांसाठी आहे आणि कोणत्या वाचकांना लागू आहे. देवघेव विभाग बंद असला तरी वाचनकक्ष किंवा संदर्भ विभाग खुला असू शकतो. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून एवढी खात्री केली, तर वरच्या प्रसंगातील शनिवार वाया गेला नसता.

४.३.३ सेवा : काय मागावे, कसे मागावे?

(अ) तालिका : ग्रंथालयातील ग्रंथांची नोंद तालिकेत असते. आज अनेक विद्यापीठांची तालिका घरबसल्या संगणकावर किंवा मोबाइलवर पाहता येते. ग्रंथाच्या पाठीवरील चिठ्ठीवर जो अंक असतो, तो तालिकेतून आधीच उतरवून घ्यावा. ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ हा आहे. त्यापुढे १ आल्यास कविता, २ आल्यास नाटक आणि ३ आल्यास कथात्म साहित्य. हे ध्यानात ठेवल्यास नेमके कपाट लवकर सापडते.

(आ) संदर्भसेवा : येथे प्रश्नाच्या नेमकेपणावर उत्तर अवलंबून असते. ‘ग्रामीण कादंबरीवर काही आहे का?’ हा प्रश्न फार मोघम आहे. ‘१९६० नंतरच्या ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रणावर समीक्षालेख हवे आहेत, दोन ग्रंथ पाहिले आहेत, नियतकालिकांतील लेख कोठे मिळतील?’ असे विचारल्यास ग्रंथपालाला शोधाची दिशा मिळते. जुन्या ग्रंथांच्या शोधासाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ पाहावी. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांच्या नोंदी आहेत.

(इ) आंतरग्रंथालयीन देवघेव : एखादा ग्रंथ आपल्या ग्रंथालयात नसेल, तर दुसऱ्या ग्रंथालयाकडून तो मागवण्याची सोय काही ठिकाणी असते. तिला दिवस लागतात. म्हणून मागणी लवकर नोंदवावी.

(ई) दूरस्थ सेवा : ‘शोधगंगा’ या संग्रहात भारतीय विद्यापीठांतील प्रबंध विनाशुल्क वाचता येतात. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची प्रथम पाहावी; आपल्या विषयावरील ग्रंथांची यादी तेथे आयतीच मिळते. मात्र प्रबंधातील मजकूर स्वतःचा म्हणून उतरवणे हे वाङ्मयचौर्य ठरते, याचे भान ठेवावे.

४.३.४ उपक्रम : उत्सव की अभ्यास?

१२ ऑगस्ट हा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन. या दिवशी अनेक ग्रंथालयांत ग्रंथप्रदर्शने, व्याख्याने व परिसंवाद होतात. त्यांकडे केवळ समारंभ म्हणून पाहू नये. एरवी वेगवेगळ्या कपाटांत विखुरलेले ग्रंथ प्रदर्शनात विषयवार एकत्र मांडलेले असतात. तासाभरात एखाद्या विषयाचा आवाका लक्षात येतो. नव्या वाचकांसाठीचा ग्रंथालय परिचयवर्ग तर शक्यतो चुकवू नये. शक्य असल्यास ग्रंथालयभेट अशा दिवसाशी जोडून घ्यावी.

४.४ समारोप

ग्रंथालयाने वाचकापर्यंत पोहोचावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु अर्धी वाट वाचकालाही चालावी लागते. वेळेची खात्री, तालिकेतून उतरवलेला अंक आणि नेमका प्रश्न एवढी तयारी असेल, तर वर्षातून तीन-चारच भेटी शक्य असणारा विद्यार्थीही ग्रंथालयाचा पुरेपूर लाभ घेऊ शकतो.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ग्रंथालयाच्या सूचनांचे तीन प्रकार सोदाहरण सांगा.
२. ‘वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे.’ दूरशिक्षणाच्या संदर्भात चर्चा करा.
३. ‘दलित आत्मकथनांवर पुस्तक हवे’ हा प्रश्न संदर्भ विभागात विचारण्याजोगा नेमका करून लिहा.

उपक्रम : जवळच्या ग्रंथालयास भेट द्या. तेथील सूचनाफलकावरील एका सूचनेचा विभाग, तारीख व लागू असणारे वाचक यांची नोंद करा आणि ती तुमच्या अभ्यासाला कशी उपयोगी पडेल, हे दहा ओळींत लिहा.