शतावरी : मुळ्यांच्या नावाखाली झाकलेले फळ

स्नेहसंमेलनात पाहुण्यांना आपण जो पुष्पगुच्छ देतो, त्यात फुलांच्या मागे पिसासारखी मऊ हिरवी फांदी खोचलेली असते. सगळे तिला ‘फर्न’ म्हणतात. पण ती नेच्याच्या जातीची नव्हेच. ती ‘अ‍ॅस्परॅगस’ या प्रजातीतली, म्हणजे आपल्या रानातल्या शतावरीची सख्खी बहीण आहे. गुच्छातली बहीण सर्वांच्या ओळखीची; वाशीम जिल्ह्यातल्या टेकड्यांवर काटेरी झुडपांना वेटाळून वाढणारी मात्र औषधाच्या डब्यावरच भेटते. म्हणून हा लेख.

शतावरी पाहणाऱ्याला पहिल्याच भेटीत फसवते. वेलीवर सुयांसारखे हिरवे झुबके दिसतात, त्यांना आपण पाने समजतो. वास्तविक ती बारीक झालेली खोडे आहेत. पानाचे काम त्यांनी उचलले आहे. खरी पाने नखाएवढीही नसतात, त्यांचे खवले किंवा काटे झालेले असतात. हे काटे मागे वळलेले असल्यामुळे वेलीला आधार मिळतो आणि तोडणाऱ्याच्या हाताला प्रसाद. पावसाळ्याच्या अखेरीस पांढऱ्या, सुवासिक फुलांचे तुरे येतात. जमिनीखाली बुडख्यापासून बोटाएवढ्या जाड, रसाळ मुळ्यांचा जुडगा सुटलेला असतो.

जुन्या पाठ्यपुस्तकांत शतावरी लिलीच्या कुलात, म्हणजे पलांडू कुलात दाखवलेली आढळते. बेंथॅम आणि हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८६२ ते १८८३ या काळात जी मांडणी प्रसिद्ध केली, तीत फुलाच्या ठेवणीवरून कांदा, कोरफड, मुसळी, कळलावी आणि शतावरी ही सारी मंडळी एकाच घरात नांदत होती. १९९८ पासून डीएनएच्या आधारे नवी मांडणी आली आणि हे एकत्र कुटुंब विभक्त झाले. कळलावी एका कुलात गेली, कांदा दुसऱ्या. शतावरीचे नाव तर एका स्वतंत्र कुलालाच मिळाले आणि मुसळी तिच्याकडे राहायला आली. मूळ लिलीच्या घरातही मृदुफळे धरणारे काही उरले आहेत. हिमालयातल्या थंड जंगलात वाढणारी क्लिंटोनिया ही त्यांपैकी एक. तिची फळे गडद निळी असतात.

आमच्या धुऱ्यावर कळलावी आणि शतावरी शेजारी शेजारी चढतात, त्यामुळे फळाचा भेद जाणून घेणे हा नुसता परीक्षेचा प्रश्न नाही. कळलावीला बोंड येते. ते वाळून उकलले की आत लालभडक बिया दिसतात आणि लहान मुलांचा हात तिकडे जातो. ती सर्वांगी विषारी आहे. शतावरीला बोंड नाही, वाटाण्याहून लहान असे गोल मृदुफळ येते. हिवाळ्यात ते लाल होते, आत काळी, कठीण बी असते. पाखरे फळ खातात आणि बी दुसऱ्या झुडपाखाली नेऊन टाकतात. काट्यांच्या आडोशाला नवी वेल उगवते, ती अशी.

आता भाषेकडे येतो, कारण मी कला शाखेचा विद्यार्थी. शतावरी, शतमुळी ही नावे मुळ्यांवरून पडलेली. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त तिला ‘बहुसुता’ असेही म्हटले आहे : पुष्कळ लेकरांची आई. ही लेकरे म्हणजे मुळ्याच, असे समजले जाते. बाळंतिणीला दूध यावे म्हणून शतावरी कल्प देतात, तेव्हा हे नाव गोडही वाटते. पण विचार केला तर मुळ्या ही लेकरे नव्हेत. ती आईने दुष्काळासाठी भरून ठेवलेली कणगी आहे. लेकरे त्या लाल फळांत आहेत आणि त्यांचे नाव कोणी घेत नाही.

याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या गावामागच्या टेकडीवर दसऱ्यानंतर मुळ्या खणणारे येतात. तेव्हा माती ओली असते आणि वेल हिरवी असल्यामुळे लांबून सापडते. फळ त्या वेळी कच्चे असते. बुडख्यासकट सगळा जुडगा उपटला की तीही वेल गेली आणि तिचे बीही गेले. खणणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण हंगामाची मजुरी संपल्यावर त्यांनी काय करावे? आजी स्वतः एकेकाळी म्हशीसाठी मुळ्या आणायची. ‘तुम्ही कशा खणत होता?’ असे मी विचारले, तर म्हणाली, “लाल गोंडे झडू देजो, मंग खांदजो. एका अंगानं मुळ्या घेजो, बुडखा तसाच ठेवजो अन् माती लोटजो.” बुडखा राहिला तर पावसाळ्यात त्याला पुन्हा कोंब फुटतात. हेच कोवळे कोंब रानभाजी म्हणून खातात, हेही तिनेच सांगितले.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. तिच्यात शतावरीपुढे ‘उपयुक्त भाग : मूळ’ एवढेच लिहून भागणार नाही, फळ पिकण्याचा महिना आणि आजीची खणण्याची रीत हीदेखील तिथे यायला हवी. गेल्या पौषात मी टेकडीवरून एकवीस बिया आणल्या. मृगानंतर पिशव्यांत लावल्या आणि उगवायची आशा जवळजवळ सोडली होती. नऊ उगवल्या. त्यांतल्या दोन बकरीने खाल्ल्या. उरलेल्या सात धुऱ्यावरच्या बोरीखाली लावल्या आहेत.