नामानाच्या पहिल्या सहा बुड्या

शास्त्रपाठ : २ राजे ५:१–१४



नामानाची गोष्ट आपण शब्बाथशाळेपासून ऐकत आलो आहोत. अरामाच्या राजाचा हा सेनापती मोठा पराक्रमी, पण अंगावर कोड. (पवित्र शास्त्रातला हा आजार आणि आजचा कुष्ठरोग नेमके एकच होते असे जाणकार म्हणत नाहीत. तरी आपल्या कामाशी या गोष्टीचे नाते फार जवळचे आहे.) घरातल्या इस्राएली दासीच्या शब्दावरून तो सोने, रुपे, घोडे, रथ घेऊन अलीशाच्या दाराशी येतो. अलीशा बाहेरसुद्धा येत नाही. यार्देनेत सात वेळा स्नान कर, एवढाच निरोप पाठवतो.

नामान का रागावला ते अकराव्या वचनात आहे. संदेष्टा बाहेर येईल, उभा राहील, देवाचे नाव घेईल, हात फिरवील, असे सारे चित्र त्याने मनात रंगवले होते. त्याला बघण्यासारखे काहीतरी हवे होते आणि मिळाले एक साधे काम, तेही सात वेळा. शेवटी चाकरांनी समजूत घातली की, एखादी अवघड गोष्ट सांगितली असती तर आपण केलीच असती ना? या अध्यायातला खरा उपदेश मला या बिननावाच्या चाकरांचा वाटतो.

आता चौदावे वचन सावकाश वाचा. तो सात वेळा बुडाला आणि शुद्ध झाला. तिसऱ्या बुडीनंतर थोडे बरे दिसू लागले, पाचव्या वेळी डाग फिका झाला, असे काहीही लिहिलेले नाही. आपण नेहमी घाईने सातव्या बुडीकडे जातो. आज पहिल्या सहांपाशी थांबू या.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये कुष्ठरोगासाठी बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्याआधी वर्षानुवर्षे, काहींना तर जन्मभर, एकच गोळी चालू असे. आता गोळ्यांचे एक पाकीट २८ दिवसांचे असते. महिन्यातला पहिला डोस आरोग्यसेवकासमोर घ्यायचा, बाकीच्या गोळ्या रोज घरी. आजार किती पसरला आहे त्याप्रमाणे हे सहा किंवा बारा महिने चालते. औषध मोफत आहे. अवघड आहे ते रोज घेणे. चट्टा आधीही दुखत नव्हता, आताही दुखत नाही. महिने गेले तरी तो तसाच दिसू शकतो. बारा महिन्यांच्या उपचारातील एका औषधाने तर कातडी उलट काळवंडते आणि रुग्णाला वाटते की आपण बिघडत चाललो आहोत. औषध थांबल्यावर तो काळेपणा हळूहळू कमी होतो, पण हे त्याला दर महिन्याला कोणीतरी समजावून सांगावे लागते.

हातपाय बधिर झाले असतील, तर गोळ्या संपल्यावरही काम संपत नाही. कोल्ली डोंगरात मिशनरी कुटुंबात जन्मलेले आणि वेल्लोरला सेवा केलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, बोटे जातात ती मुख्यतः न जाणवलेल्या, दुर्लक्षिलेल्या जखमांमुळे. त्यावरचा उपाय नामानाने ऐकला असता तर तो पुन्हा रागावला असता! रोज साध्या पाण्यात पाय भिजवायचे, कडक झालेली कातडी हलकेच घासायची, ओल्या पायाला खोबरेल लावायचे आणि तळवा नीट न्याहाळायचा. काटा, फोड, चीर काही आहे का? बहुतेक दिवशी काहीच नसते.

“काहीच नसते” याचे मोल गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून तयार केले. बाळ जन्मले की त्यांनी ठरलेल्या दिवशी घरी जायचे, वजन करायचे, ताप पाहायचा, एक मिनिट श्वास मोजायचे, बाळाला ऊब आणि अंगावरचे दूध मिळते ना हे बघायचे, आणि सारे लिहून ठेवायचे. जंतुसंसर्ग दिसला तर उपचारही त्याच करत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई बाळाच्या ४२ व्या दिवसापर्यंत घरी येतात, त्यामागे हेच काम आहे. कितीतरी भेटींत “बाळ ठीक” एवढेच लिहिले जाते. पण ज्या दिवशी मिनिटाला श्वास साठच्या वर जातात, तो दिवस सापडतो तो या रिकाम्या वाटणाऱ्या भेटींमुळेच.

इथे एक सावधगिरी हवी. नेम पाळणे आणि नुसती वही भरणे यांत फरक आहे. तळवा न बघता “जखम नाही” असे लिहिणे सोपे असते आणि काम जुने झाले की हा मोह वाढतो. म्हणून सेवकांसाठी प्रार्थना करताना त्यांचे डोळे जागे राहावेत, हेही मागा.

आपण कळंबोलीकर द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी राहतो. आपल्याला सगळे लवकर हवे असते, अहवालसुद्धा. नाताळात ब्लँकेट वाटली की फोटो छान येतो. त्यात वाईट काही नाही, थंडी खरीच असते. पण दर तिमाहीला तेच तेच वाचून देणगीदार कंटाळला, तर आधी बंद पडते ते सेवकाचे एसटीभाडे, वजनकाट्याची दुरुस्ती, खोबरेलाची बाटली. वर्षातून एकदा मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा ठरलेली लहान रक्कम अशा कामाला अधिक उपयोगी पडते.

दिवाळीनंतर पुष्कळ कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. औषध चालू असलेला माणूस कोणत्या भट्टीवर गेला, किती पाकिटे बरोबर दिली, तिथे त्याला कोण भेटेल, हे निघण्यापूर्वी लिहून घ्यावे लागते. एक वाडी सुटली की कोणाचे तरी औषध मध्येच तुटते.

या तिमाहीत प्रार्थना करताना, ज्यांच्या उपचाराचा चौथा-पाचवा महिना चालू आहे त्यांची विशेष आठवण ठेवा. चट्टा तसाच आहे, रंग काळवंडला आहे, आणि पाकिटात अजून गोळ्या शिल्लक आहेत.