शिक्षकावांचून भरलेली शाळा

‘विद्यार्थी’ हा शब्द कानीं पडतांच वर्गांतील बांकें, फळा व घंटा हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. ज्यांनीं शाळा सोडून वीस-पंचवीस वर्षें लोटलीं, ज्यांच्या हाताखालून हजारों पुस्तकें गेलीं, आणि अडलेल्यानें ज्यांना विचारावें असा ज्यांचा लौकिक, अशा मंडळींनीं पुन्हां विद्यार्थी व्हावें, व तेंहि बांकावर न बसतां आणि शिक्षक समोर नसतां, ही गोष्ट जराशी नवलाची वाटेल. परंतु ती घडलेली आहे. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना राज्यांत शार्लट नांवाचें मोठें शहर आहे. त्या शहराच्या व सभोंवतालच्या मेक्लेनबर्ग परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयानें इ. स. २००६ च्या ऑगस्ट महिन्यांत आपल्या सेवकांसाठीं एक अभ्यासक्रम सुरू केला. तो पुढें ‘तेवीस गोष्टी’ या नांवानें ग्रंथालयांच्या जगांत सर्वत्र ओळखला जाऊं लागला. त्या अभ्यासक्रमाची हकीकत आमच्या वाचकांना सांगावी, असा या लेखाचा हेतु आहे.

त्या काळीं आंतरजालाचें रूप पालटत होतें. तोंपर्यंत आंतरजालावरील पानें थोड्यांनीं लिहावीं व बहुतांनीं वाचावीं असा प्रघात होता. फ्लिकर हें छायाचित्रांचें संकेतस्थळ २००४ सालीं निघालें आणि यूट्यूब २००५ सालीं. जो तो आपलीं चित्रें, आपले विचार व आपल्या दैनंदिन्या लोकांसमोर ठेवूं लागला. साहजिकच ग्रंथालयांत येणारा वाचकहि त्यांविषयींच विचारूं लागला. टेबलामागें बसलेल्या सेवकानें हे शब्द नुसते ऐकलेले असत, आणि पंधरा वर्षांच्या मुलानें प्रश्न केला असतां त्याला इकडे तिकडे पाहण्याची पाळी येई. सर्व विद्या तोंडपाठ असावी अशी अपेक्षा ग्रंथालयांतील माणसाकडून कोणी करीत नाहीं. परंतु विचारलेली वस्तु तो धुंडून काढील, हा भरंवसा मात्र वाचकाला असतो. तो भरंवसा उडाला तर त्या टेबलाशीं थांबण्याचें वाचकाला कांहींच कारण उरत नाहीं.

नेहमींचा उपाय म्हणजे वर्ग भरविणें. सेवक शेंकडों, शाखा अनेक. सर्वांना एके ठिकाणीं बोलवावयाचें तर शाखांचीं दारें लावावीं लागणार. शिवाय दोन तास व्याख्यान ऐकून घरीं गेलेला मनुष्य आठ दिवसांत त्यांतील बहुतेक विसरतो, हा अनुभव कोणाला नाहीं? त्या ग्रंथालयाच्या तंत्रविभागाच्या प्रमुख हेलीन ब्लोअर्स यांनीं म्हणून निराळी वाट काढली. कॅनडांतील ग्रंथपाल स्टीफन अब्राम यांनीं त्याच वर्षाच्या आरंभीं, वर्षभरांत करून पाहण्याजोग्या त्रेचाळीस गोष्टींवर एक लेख लिहिला होता. त्यावरून बाईंना कल्पना सुचली. त्यांनीं तेवीस लहान लहान कामें निवडलीं, तीं नऊ आठवड्यांत वांटलीं, आणि सेवकांना सांगितलें कीं, आपल्या सोयीनें व आपल्या गतीनें हीं करा. वर्ग भरणार नाहीं. अडलें तर शेजारच्याला विचारा.

आरंभींच्या कामांपैकीं एक म्हणजे प्रत्येकानें आपला एक ब्लॉग, म्हणजे आंतरजालावरील दैनंदिनी, उघडणें. पुढील प्रत्येक काम झालें कीं त्याविषयीं तींत चार ओळी लिहावयाच्या. हीच त्या शाळेची हजेरीची वही व हीच उत्तरपत्रिका. यांत एक मोठी समजूतदारपणाची सवलत होती. ज्याला आपलें खरें नांव द्यावयाचें नसेल, त्यानें टोपणनांवानें लिहावें. पालकहो, प्रौढ मनुष्याला शिकण्याची जेवढी अडचण वाटते तीहून शिकतांना चारचौघांत अडखळण्याची अधिक वाटते. टोपणनांवाच्या आड ती लाज निघून गेली. माझ्या मतें या योजनेंतील सर्वांत शहाणपणाची कलमें दोनच. त्यांपैकीं हें एक.

दुसरें कलम ‘साडेसात संवयी’ हें होय. जन्मभर शिकत राहणाऱ्या माणसाच्या संवयी कोणत्या, हें अगदीं प्रथम एका पाठांत सांगितलें होतें. शेवट काय गांठावयाचा तो आधीं ठरवावा. आपल्या शिक्षणाची जबाबदारी आपण घ्यावी. अडचण आली तर तिला आव्हान समजावें. आपणांस शिकतां येईल असा विश्वास धरावा. आपल्या उपयोगाचीं साधनें गोळा करून ठेवावीं. यंत्रांचा फायदा करून घ्यावा. आणि आपण शिकलों तें दुसऱ्यास शिकवावें. ह्या सात झाल्या. उरलेली अर्धी संवय कोणती? खेळणें! आमच्याकडील जुन्या पंतोजींनीं हें ऐकून छडी उचलली असती. परंतु मुलाच्या हातीं नवें यंत्र आलें म्हणजे तें मूल काय करितें तें पाहा. तें पुस्तिका वाचीत बसत नाहीं. हें बटन दाबून पाहतें, तें दाबून पाहतें, बिघडलें तर पुन्हां पहिल्यापासून सुरू करितें. मोठ्या माणसाचा हात मात्र मोडण्याच्या भीतीनें आंखडतो. पगाराच्या वेळेंत वरिष्ठांनींच ‘खेळा’ म्हटलें, तेव्हां तो हात मोकळा झाला. पांचव्या आठवड्याचें तर नांवच खेळाचा आठवडा असें होतें. त्यांत आपलें नांव एखाद्या गमतीच्या चित्रावर उमटविण्यापासून तों लायब्ररीथिंग या संकेतस्थळावर स्वतःच्या कपाटांतील पुस्तकांची सूची करण्यापर्यंत कामें होतीं.

सर्व तेवीस कामांचें वर्णन करीत बसलों तर अंकाचीं पानें पुरणार नाहींत. कोठें वर्तमानपत्र जसें आपल्या दारांत येऊन पडतें तशी निरनिराळ्या संकेतस्थळांवरील नवी माहिती आपोआप एके ठिकाणीं आणवून घेणें. कोठें ध्वनिपाठ व चित्रफिती शोधणें. कोठें अनेकांनीं मिळून लिहावयाच्या विकिपानावर स्वतः भर घालणें. विकिपानावर लिहितांना हात कांपण्याचें कारण नसतें, कारण केलेल्या प्रत्येक फेरफाराची जुनी प्रत मागें जतन राहते व ती पुन्हां आणतां येते. परंतु सहाव्या आठवड्यांतील एका विषयावर थोडें थांबलें पाहिजे, कारण तेथें ग्रंथालयाची जुनी विद्या व नवी रीत यांची समोरासमोर गांठ पडली.

मेलव्हिल ड्यूई यांनीं १८७६ सालीं दशमान वर्गीकरण प्रसिद्ध केलें. त्यांत प्रत्येक विषयाला एक अंक असतो व त्या अंकानुसार पुस्तक फळीवर आपल्या जागीं बसतें. आतां आंब्यावरील एक पुस्तक घ्या. त्यांत कलमें कशीं बांधावीं तें आहे, लोणच्याच्या कृति आहेत, आणि आंब्यावरील लोकगीतेंहि आहेत. फळबागांचा अंक ६३४, पाकशास्त्राचा ६४१, लोकसाहित्याचा ३९८. पुस्तक तर एकच. तें एकाच फळीवर राहणार. ग्रंथपाल विचार करून त्याला ६३४ मध्यें घालतो व सूचींत बाकीच्या विषयांची नोंद देतो. डेलिशस नांवाच्या संकेतस्थळानें निराळी रीत रूढ केली होती. तेथें आंतरजालावरील आवडलेलें पान ज्यानें त्यानें टिपून ठेवावें व त्याला हवे तितके खुणेचे शब्द जोडावे: ‘आंबा’, ‘हापूस’, ‘लोणचें’, ‘उन्हाळा’, ‘आजीसाठीं’. फळी नाहीं, तेव्हां जागेची टंचाईहि नाहीं. शेंकडों लोकांनीं जोडलेल्या ह्या खुणांतून एक सूची आपोआप तयार होते, व तिला कोणी ग्रंथपाल लागत नाहीं!

हें वाचून ग्रंथालयांतील मनुष्य आधीं दचकेल, मग विचार करील. कारण ह्या रीतींतील उणीवहि त्याच्याच ध्यानांत प्रथम येणार. ‘कल्याण’ अशी खूण दिसली तर तें मुंबईजवळचें शहर समजावें कीं सायंकाळचा राग? एकानें ‘शाळा’ लिहिलें, दुसऱ्यानें ‘विद्यालय’, तिसऱ्यानें ‘स्कूल’. तिन्ही एकत्र यावीं कशीं? याचसाठीं ग्रंथालयांत विषयशब्दांची नेमून दिलेली यादी असते, व तिची ही किंमत तोंवर कित्येक वाचकांना कळलेली नव्हती. नवें साधन स्वतः वापरून पाहिल्यानें जुन्या विद्येचा अर्थ अधिक उजळला, हा लाभ कोणत्याहि व्याख्यानानें झाला असता असें वाटत नाहीं.

जो सेवक तेवीस कामें मुदतींत पुरीं करील त्याला गाणीं ऐकण्याचें एक छोटें यंत्र, एमपीथ्री प्लेअर, बक्षीस होतें. शिवाय चिठ्ठ्या टाकून एकाला लॅपटॉप मिळावयाचा होता. बक्षिसाच्या लोभानें शिकणें बरें कीं वाईट, हा वाद आपल्या वादविवाद मंडळानें अवश्य घ्यावा. मला इतकेंच वाटतें कीं बक्षिसापेक्षां वेळ महत्त्वाचा. ‘आपल्या गतीनें शिका’ असें सांगून वरिष्ठानें कामांत एक घटकाहि मोकळी ठेवली नाहीं, तर ती गति शून्य होते, आणि दोष मात्र सेवकाच्या आळसाला दिला जातो. अशा रीतीचे अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडणारे पुष्कळ असतात, त्याचें हें एक उघड कारण आहे.

आतां एक प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारील. त्या तेवीस कामांतील साधनांचें पुढें काय झालें? बरींचशीं लयास गेलीं. निवडक संकेतस्थळांतच शोध घेऊं देणारें रोलियो नाहींसें झालें. डेलिशस अनेक मालकांच्या हातीं फिरून २०१७ सालीं नव्या नोंदींना बंद झालें. ब्लॉगांचा शोध घेणाऱ्या टेक्नोरातीनें २०१४ सालीं तें काम सोडलें. फ्लिकर, यूट्यूब व लायब्ररीथिंग मात्र अद्याप आहेत. मग त्या सेवकांचे नऊ आठवडे फुकट गेले काय? ज्यानें केवळ कोणतें बटन कोठें आहे हें पाठ केलें असेल त्याचे गेले. ज्यानें अनोळखी पान उघडून, भीति न बाळगतां, त्याची रीत पांच मिनिटांत ताडण्याचा सराव केला, त्याला पुढचें साधन हातीं घेण्यास नवा वर्ग लागला नाहीं. खुणेचा शब्द जोडणें तर डेलिशस गेल्यावरहि राहिलें; आज तुम्ही ज्या ‘हॅशटॅग’शीं रोज खेळतां तो त्याचाच भाऊबंद.

शार्लटच्या ग्रंथालयानें हा अभ्यासक्रम इतरांना घेण्यास व बदलण्यास मोकळा ठेवला होता. त्यामुळें तो देशोदेशीं गेला. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांनीं २०१० सालीं तो आपल्या परीनें चालविला. आपल्याकडील ग्रंथालय-सेवकाला मात्र याहून निकडीचें काम असतें: हातानें लिहिलेल्या नोंदवह्या संगणकावर नेणें. त्यासाठीं ‘कोहा’ नांवाची प्रणाली विनामूल्य मिळते. ती न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयासाठीं तयार होऊन २००० सालाच्या आरंभीं चालू झाली. जुनी प्रणाली २००० सालाचा आंकडा ओळखूं शकणार नाहीं अशी भीति होती, म्हणून ही नवी घडविली. माओरी भाषेंत ‘कोहा’ म्हणजे भेट. घेणाऱ्यानेंहि पुढें कांहीं द्यावें, असा त्या भेटीचा संकेत असतो.

ही प्रणाली स्वतः शिकण्याची सोय आपल्या मुंबईंतच झालेली आहे. पवई येथील आय. आय. टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमांत ‘कोहा’वर पाठमाला आहे. पाठ सुमारें दहा दहा मिनिटांचे असतात आणि त्यांना शुल्क पडत नाहीं. या उपक्रमांतील कित्येक विषयांचे पाठ मराठींतहि ऐकावयास मिळतात. शिकण्याची रीत अशी: पडद्याच्या अर्ध्या भागांत पाठ चालू ठेवावा, उरलेल्या अर्ध्या भागांत प्रणाली उघडावी, सांगणारा एक पायरी करून दाखवील तेवढ्यावर पाठ थांबवावा, ती पायरी स्वतः करावी, जमली कीं पुढें जावें, न जमली कीं मागें यावें. वाचकाचें नांव कसें नोंदवावें, पुस्तक देणें-घेणें कसें करावें, एक्सेलमधील यादी ग्रंथालयांच्या ठराविक नमुन्यांत कशी उतरवावी, अशा क्रमानें पाठ पुढें सरकतात. आरंभीं दहा-बारा पुस्तकांची व चार काल्पनिक वाचकांची नोंद करून पाहावी. त्यांतल्या एखाद्याला एकाच दिवशीं वीस पुस्तकें द्यावीं, मुदत उलटवावी, दंड लावावा व मग सर्व पुसून टाकावें. खऱ्या वाचकांचीं नांवें त्यानंतर घालावीं.