दाढीनंतरच्या पुटकुळ्या

मुकुटबन परिसरातले तरुण नेहमी विचारतात, 'डॉक्टरसाहेब, दाढी केली की मानेवर पुटकुळ्या उठतात, मुरुमाचे औषध द्या.' पण हे मुरूम नव्हेत. जाड, कुरळा केस मुळाशी कापला की त्याचे टोक अणकुचीदार होते आणि वाढताना वळून पुन्हा कातडीत रुतते. काटा रुतल्यासारखी तिथे सूज येते.

बहुतेक जण आधी दुकानातून खाजेचे किंवा गोरे करणारे मलम आणून लावतात. त्यांतल्या पुष्कळांत बेटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखे स्टिरॉइड असते. चार दिवस बरे वाटते. पुढे कातडी पातळ व लाल होते, मलम सोडताच पुटकुळ्या अधिकच उठतात. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती उगीच नव्हे.

उपाय स्वस्त आहे. महिनाभर वस्तरा बंद ठेवावा, फार तर ट्रिमरने खुंट राखून केस कापावेत. ज्यांना कामावर रोज दाढी करावीच लागते, त्यांना मी तशी चिठ्ठी देतो. नंतर कोमट पाण्याने केस मऊ करून, कातडी न ताणता, केसांच्या दिशेनेच पाते फिरवावे. उलटा हात नकोच. सलूनमध्ये नवे पाते डोळ्यांसमोर लावून घ्यावे. रक्त लागलेल्या पात्यातून 'ब' कावीळ पसरते. पू झाला किंवा गाठी कडक होऊ लागल्या तर डॉक्टरांना दाखवावे.