दोन तारा, सोळा व्हॉल्व्ह आणि माझी काळी टेप

मित्रांनो, आपल्या खान्देशात शेतीची लाइट बऱ्याचदा रात्री येते. अर्ध्या रात्री बॅटरी घेऊन केळीच्या बागेत व्हॉल्व्ह फिरवायला जाणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको. साप-विंचू, चिखल आणि झोपेचं खोबरं! म्हणून रावेरकडच्या माझ्या काकांनी ड्रिपच्या १६ व्हॉल्व्हसाठी टू-वायर कंट्रोलर घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीत "घरचा इंजिनिअर आहे ना" म्हणत जोडणीला मलाच लावलं.

आधी तत्त्व समजून घेऊ. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक व्हॉल्व्हला एक तार आणि सगळ्यांना मिळून एक कॉमन, म्हणजे १६ व्हॉल्व्हना १७ तारा. टू-वायरमध्ये शेतभर दोनच तारांची केबल फिरते. व्हॉल्व्हजवळ डीकोडर असतो आणि त्याला स्वतःचा नंबर असतो. त्याच दोन तारांतून वीजही जाते आणि निरोपही. '७ नंबर, उघड' असा निरोप आला की फक्त ७ नंबरचा डीकोडर आपल्या सोलेनॉइडला वीज देतो, बाकीचे गप्प. धुळ्याकडे पांझरेवरच्या जुन्या फड पद्धतीत पाटकरी पाळीपाळीने पाणी सोडतो ना, तसाच हा व्हॉल्व्हजवळचा पाटकरी!

सात महिने सगळं छान चाललं. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, मग त्याने दडी मारली आणि नेमकी तेव्हाच सिस्टीम बंद. कंट्रोलर म्हणे, करंट जास्त. काकांचा फोन आला, "भाऊ, बाग वाळेल. ये लवकर."

पहिलं काम पाणी देण्याचं. सोलेनॉइड हाताने थोडा सैल केला की व्हॉल्व्ह उघडतो. उघडला तर व्हॉल्व्ह ठीक, दोष विजेचा. (उघडलेला व्हॉल्व्ह बंदच होत नसेल, तर डायफ्रामखाली कचरा अडकलाय का ते पाहावं.) आमचे सगळे उघडले, म्हणजे दोष तारेत.

मग क्लासमधला बायनरी सर्च शेतात आणला. कंट्रोलर बंद करून केबल ८ नंबरनंतर सोडवली, पुन्हा चालू केला. करंट नॉर्मल! म्हणजे दोष पुढच्या अर्ध्यात. मग १२, मग १४, मग १३. सोळा खड्डे न उकरता चार चाचण्यांत जागा सापडली. डीकोडरपासून सोडवून कॉइलचा रोधही मोजला. साध्या २४ व्होल्ट एसी कॉइलला तो साधारण २० ते ६० ओहम असतो. शून्याजवळ आला तर कॉइल शॉर्ट, अनंत आला तर तुटलेली. आमची ठीक होती.

दोष निघाला १३ नंबरच्या जोडात. तो जोड मीच केला होता. वॉटरप्रूफ कनेक्टर संपले होते, म्हणून 'चालतंय की' म्हणत नुसती काळी टेप गुंडाळली होती. आत पाणी, तांब्यावर हिरवा थर आणि दोन्ही तारा एकमेकींना चिकटलेल्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि तारेला ओढते. म्हणून जोड ग्रीस भरलेल्या कनेक्टरनेच करावा, तो व्हॉल्व्ह बॉक्समध्ये ठेवावा, प्रत्येक ठिकाणी तारेचं ऐसपैस वेटोळं सोडावं. विजांच्या दिवसांसाठी सर्ज अरेस्टर आणि अर्थिंगही हवंच.

काका काहीच बोलले नाहीत. पण माझ्या 'चालतंय की' पायी तीन रात्री ते बॅटरी घेऊन बागेत फिरले होते. प्रॅक्टिकलला चूक झाली तर आपले मार्क जातात, मित्रांनो. शेतात चूक झाली तर दुसऱ्याची झोप जाते.