खालची कवळी सैल होते, काय करू?

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. दोन्ही कवळ्या सहा वर्षांपूर्वीच्या. खालची बोलताना उचलली जाते. रोज गरम पाण्याने धुतो. इम्प्लांट करावेत का? (एक वाचक, मल्लेश्वरम, बेंगळुरू)

उत्तर : आधी गरम पाणी बंद करा, त्याने ॲक्रिलिक वाकतं. टूथपेस्टनेही चरे पडतात. साबणाचं साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. धुताना खाली पाण्याचं भांडं ठेवा, हातातून निसटली तर फुटणार नाही. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवावी. तोंडात ठेवून झोपल्यास टाळूला बुरशी होऊ शकते.

दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, त्यात जीभ खालची कवळी ढकलते. म्हणून ती आधी हलते. चिकटवायची पेस्ट ही तात्पुरती सोय. आधी रिलाइनिंग, म्हणजे आतून नवा थर, शक्य आहे का ते दाखवा. नाहीतर खाली दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी माझ्या मते उत्तम. मधुमेह असेल तर तो मात्र आटोक्यात हवा. बीपीएल कार्ड असेल तर सरकारी दंत महाविद्यालयात ‘दंत भाग्य’ या मोफत कवळीच्या योजनेची चौकशी करा. तोवर चकली नको, रागी मुद्दे (नाचणीचे मऊ गोळे) खुशाल.