शेजाऱ्याचे कुंपण आणि कायद्याची मर्यादा

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि माढा तालुक्यातील टेंभुर्णी परिसराच्या शेतीचे रूप पालटले. ज्वारीच्या शिवारात ऊस उभा राहिला. पुणे-सोलापूर महामार्गावरील या गावी औद्योगिक वसाहतही आली. जमिनीचे मोल वाढले, की बांधाच्या हातभर पट्टीलाही मोल येते. मग काटेरी तारेची कुंपणे व लोखंडी फाटके उभी राहतात आणि त्यांच्याबरोबर तंटेही. अशा तंट्यात कायदा काय सांगतो, हे पंचायत सदस्यांना व शिक्षकांना ठाऊक असणे गावाच्या हिताचे आहे.

कुंपण मोडणाऱ्याची जबाबदारी

समजा, शेजाऱ्याने आपल्या हद्दीत दोन हात आत येऊन कुंपण घातले, अशी एका शेतकऱ्याची खात्री आहे. म्हणून त्याने रात्री खांब उपटले व तारा तोडल्या. त्याचे म्हणणे पुढे खरे ठरले, तरी वाद स्वतःच्या हाताने मिटविण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ अन्वये, कायदेशीर मार्गाशिवाय ज्याचा ताबा काढून घेतला गेला, त्याला सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळविता येतो. त्या दाव्यात मालकी कोणाची, हा प्रश्न आड येत नाही.

नुकसान करण्याच्या उद्देशाने, किंवा ते होण्याचा संभव आहे हे माहीत असून, गैररीतीने दुसऱ्याची मालमत्ता नष्ट करणे ही ‘आगळीक’ होय. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली तो गुन्हा आहे आणि नुकसानीच्या रकमेप्रमाणे शिक्षा वाढते. केवळ निष्काळजीपणाने फाटक उघडे राहिले आणि गुरांनी पीक खाल्ले, तर तेवढ्याने आगळीक होत नाही. मात्र दिवाणी नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते.

सरकारी मोजणीत रोवलेला हद्दीचा दगड हलविणे अधिक गंभीर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये त्यासाठी दंड होतो. अशा खुणा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी प्रत्येक जमीनधारकावर आहे.

कुंपण घालणाऱ्याची जबाबदारी

कुंपण घालणाऱ्यालाही मर्यादा आहेत. वहिवाटीच्या वाटेवर फाटक लावून त्यास कुलूप घातले, तर पलीकडच्या शेतकऱ्याचा ऊस तोडणीच्या वेळी शेतातच अडकतो. अशा प्रसंगी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेताकडे जाणाऱ्या रूढ वाटेवरील अडथळा काढून टाकण्याचा अधिकार त्यांना आहे. मात्र दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो.

नव्याने बांधावरून वाट हवी असल्यास महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करावा. शेतात जाण्याची वाजवी गरज पाहून तहसीलदार निर्णय देतात. तो मान्य नसल्यास एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.

पंचायतीचे काम

तक्रार येताच उभयपक्षांना शांत करावे, कुंपणाची स्थिती पंचनाम्याने नोंदवावी आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेण्याचा सल्ला द्यावा. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातच समेट घडविण्याचा मार्ग दाखविला. परंतु समेटाची बोलणी चालू आहेत म्हणून सहा महिन्यांची मुदत थांबत नाही. ‘पुढच्या बैठकीत पाहू’ असे म्हणता म्हणता मुदत टळली, तर ज्याची बाजू न्याय्य आहे त्याचाच हा सुलभ मार्ग बंद होतो. म्हणून तक्रारीची तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी आणि समेट लांबत असल्यास संबंधितास वेळेवर दावा दाखल करण्यास सांगावे.

उपटलेला खांब पुन्हा रोवता येतो. दोन घरांतील तुटलेले बोलणे जुळण्यास मात्र पिढी जाते. हाती पहार घेण्यापूर्वी मोजणीचा नकाशा हाती घ्यावा, यातच दोन्ही घरांचे हित आहे.